डोमाजींची हिवाळ्याची चाकं

माझ्या आयुष्यातले सहा रविवार डोमाजींनी खाल्ले, आणि तेही मोटारीच्या टायरपायी. मोटार माझी नव्हती. टायरमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण मला इंग्रजी वाचता येत होतं आणि मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहत होतो, हे दोन गुन्हे त्यांना पुरेसे होते. रविवारी सकाळी मी गालाला साबण लावून आरशासमोर बसलो, की खालून हाक यायची, "मास्तर, चाला जी. टायर पाहून येऊ." 'घेऊन येऊ' असं ते चुकूनही म्हणत नसत.

नागपूरच्या लकडगंजात डोमाजींचा बैलगाडीच्या चाकांचा कारखाना होता. 'कारखाना' हा त्यांचा शब्द. मला दिसायची ती एक वखार, बाभळीच्या ओंडक्यांचे ढीग, चार सुतार, एक लोहार आणि पाचही जणांच्या कामात नाक खुपसणारे डोमाजी. ठेंगणा, रुंद बांधा, गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला लालसर पागोटं आणि कानावर पेन्सिल. त्या पेन्सिलीने त्यांना काही लिहिताना मी कधी पाहिलं नाही, तिने ते कान कोरायचे. आमचं मूळ घर महाल भागात. भावांचे संसार वाढले, जागा पुरेना, म्हणून मी इकडे बिऱ्हाड केलं. पहिल्याच दिवशी डोमाजी माझ्या सामानाच्या छकड्यापाशी आले, माझ्याकडे ढुंकूनही न पाहता छकड्याच्या चाकावर बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला आणि गाडीवानाला म्हणाले, "कोणाच्या वखारीतलं हाये गा हे? आठ दिवसात बसते." मला राम राम त्यानंतर घातला.

चाक दिसलं की ते ठोकून पाहायचं, ही त्यांची खोड. टांग्याचं चाक, पाणक्याच्या हातगाडीचं चाक, देवळातल्या पालखीच्या गाड्याचं चाक. आमच्या शाळेच्या बक्षीस समारंभाला एक गोरे साहेब मोटारीतून आले होते. समारंभ आत चालू, आणि हे बाहेर साहेबाच्या मोटारीसमोर उकिडवे बसून टकटक करताहेत. शिपायाने मानगूट धरली. मला बाहेर येऊन इंग्रजीत माफी मागावी लागली, आणि हेडमास्तर पुढे आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. डोमाजींना त्याचं काहीच नाही. "साहेबाचं चाक आवाजच देत नाही मास्तर," एवढंच त्यांचं दुःख. "लाकूड खोटं बोलत नाही. हे रबर तं बोलतच नाही."

आता या माणसाने मोटार का घ्यावी? त्याचं कारण सुभद्रा. त्यांची एकुलती एक लेक. दिली होती कळमेश्वरच्याही पुढे दोन कोसांवर, संत्र्याच्या बागा असलेल्या घरी. आदल्या वर्षी तिला पहिल्यांदा दिवस गेले आणि सातव्या महिन्यात तिला माहेरी आणायला डोमाजी आपल्याच वखारीत घडलेली नवी छपराची दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, घेऊन गेले. चाक पावसाळ्यात ठोकलेलं होतं. ओल्या हवेत फुगलेलं लाकूड मार्गशीर्षाच्या कोरड्या थंडीत आकसलं, चाकावरची लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, ढिली झाली आणि वाटेत निसटली. दमणी कलंडली. सुभद्रा वाचली, मूल गेलं. चाक घडवणाऱ्याच्या लेकीला चाकानेच घात केला, असं लकडगंजात सगळे म्हणाले आणि डोमाजींच्या समोर कोणीच म्हणालं नाही.

यंदा सुभद्रेला पुन्हा दिवस होते. दिवाळी झाली आणि डोमाजींनी जाहीर केलं की लेक आता बैलाच्या बंडीत बसणार नाही. सिव्हिल लाइन्समधल्या एका वकिलाची जुनी मोटार त्यांनी आणली, ती चालवायला रहीमभाई नावाचा ड्रायव्हर ठेवला. मोटार बरी होती. टायर मात्र माझ्या डोक्यासारखे, गुळगुळीत. ते बदलायचे आणि मार्गशीर्ष संपायच्या आत सुभद्रेला आणायचं, कारण मार्गशीर्ष संपला की तिला आठवा लागत होता, आणि आठव्या महिन्यात लेकीला शीव ओलांडू देत नाहीत. मध्ये सात आठवडे होते. चार टायर घ्यायला सात आठवडे कुठल्याही शहाण्या माणसाला पुरतात. मी म्हटलंही, "डोमाजी, कळमेश्वरपासून रेल्वे आहे, तिने आणा." तर म्हणाले, "आन् गावापासून टेसनापावतो? थे दोन कोस कोणाच्या बाच्या आगगाडीनं आणू?" आणि मी टायरच्या फेऱ्यात सापडलो.

सीताबर्डीवर टायरचं एक मोठं दुकान होतं. तिथले मॅनेजर मिश्राजी, जबलपूरकडचे, गोड बोलणारे गृहस्थ. पहिल्या रविवारी त्यांनी आमच्यापुढे तीन तऱ्हेचे टायर मांडले. डोमाजींनी पागोटं नीट केलं, खाली बसले आणि पहिल्या टायरवर टकटक केलं. थप. दुसऱ्यावर केलं. थप. मग त्यांनी वास घेतला, नख रुतवून पाहिलं, टायर आडवा टाकून त्यावर बसून पाहिलं, शेवटी उभा करून भर बर्डीच्या रस्त्यावर घरंगळत सोडला आणि त्याच्या बाजूने कान लावून धावत सुटले. एक टांग्याचा घोडा बुजला. मी दुकानाच्या खांबाआड उभा राहिलो, कारण समोरून माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील येत होते.

परत येऊन धापा टाकत त्यांनी मिश्राजींना विचारलं, "हे कोणत्या ऋतूत बनेल हाये?"

"मतलब?"

"पावसाळ्यात बनलं का हिवाळ्यात? आमाले हिवाळ्यात बनेल टायर पायजे. पावसाळ्याचं चाक थंडीत आकसते."

"अरे भाई, ये रबर है," मिश्राजी हसून म्हणाले. "विलायत का माल. वहाँ तो बारहों महीने बारिश होती है."

"मंग तं नोकोच," डोमाजी म्हणाले आणि उठले. पहिला रविवार संपला.

दुसऱ्या रविवारी त्यांनी हादरा मोजला. नव्या टायरने किती फरक पडतो हे कळायला जुन्याने किती हादरे बसतात ते आधी माहीत हवं, हा त्यांचा युक्तिवाद, आणि चिडण्यासारखी गोष्ट ही की त्यात चूक काढता येत नव्हती. गाडीचं चाक पारखायची लकडगंजातली रीत अशी, की गाडीत काठोकाठ भरलेली घागर ठेवायची आणि किती पाणी सांडतं ते पाहायचं. मोटारीत घागर धरायला माणूस लागतो. तो माणूस कोण हे सांगायला नको. हुडकेश्वराच्या खाचखळग्यांच्या वाटेवरून सकाळी सात वाजता, थंडी मी म्हणत असताना, मी मांडीवर घागर घेऊन बसलो होतो. डोमाजी पुढून मागे वळून पाहत होते. माझ्याकडे नव्हे, घागरीकडे. परत आलो तेव्हा घागर निम्मी होती आणि उरलेली निम्मी माझ्या धोतरात होती. "अर्धी सांडली," डोमाजी गंभीरपणे म्हणाले. मला पुढे चार दिवस पडसं होतं.

तिसऱ्या रविवारी मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. मिश्राजी दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होते, समोर टायरचं विलायती पुस्तक पडलं होतं, मी सहज चाळलं. एका पानावर खोल खाचांच्या जाडजूड टायरचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं की हे टायर खास हिवाळ्यासाठी, बर्फात आणि चिखलात चालण्यासाठी. आणि हे मी मोठ्याने वाचलं! मराठी करून वाचलं! काय बुद्धी झाली देव जाणे. डोमाजींचा चेहरा उजळला. त्यांनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं, उलटं धरून चित्र पाहिलं आणि मिश्राजींच्या पुढ्यात ठेवलं.

"का म्हणत होते तुमी? हिवाळ्याचं टायर राहत नाही? हे का हाये मंग?"

"ये बर्फ के लिये है, बाबा. नागपुर में बर्फ कब गिरी?"

"बर्फ नसन पडत. थंडी तं पडते ना?"

मिश्राजींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी दुकानाबाहेर गेलो. पण डोमाजी हलेनात. अखेर मुंबईला पत्र गेलं. पत्राचं उत्तर येईपर्यंत दोन रविवार गेले. या काळात मी वखारीवरून जाताना रोज विचारत होतो, "डोमाजी, दिवस किती उरले?" आणि ते रोज न चुकता बरोबर आकडा सांगत होते. विसरले असते तर मी समजून घेतलं असतं. एकेक दिवस मोजून वाया घालवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मुंबईचं उत्तर आलं, की असला माल हिंदुस्थानात येत नाही. मिश्राजी एव्हाना जेरीस आले होते. डोमाजींनी दुकानातल्या टायरांविषयी पुन्हा तोच प्रश्न विचारला, कोणत्या ऋतूत बनलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, गळ्याला हात लावला आणि म्हणाले, "जाड़े में बना है. एकदम सूखे मौसम का माल. कसम से." मी गप्प बसलो. खोटं होतं, पण भीक नको पण कुत्रा आवर, अशी माझी अवस्था झाली होती. डोमाजींनी चारही टायर उचलले आणि टांग्यातून मांडीवर घेऊन घरी आणले. माझ्या मांडीवरही एक होता.

त्यानंतरच्या रविवारी हाक आली नाही. मी शांतपणे दाढी केली, दोन वेळा चहा घेतला. खिडकीतून पाहिलं तर डोमाजी वखारीच्या अंगणात उन्हात बसून टायरना काहीतरी चोळत होते. नव्या चाकाला हिवाळ्याआधी आठ दिवस जवसाचं तेल पाजून उन्हात ठेवतात, म्हणजे ते तडकत नाही, हे मला एव्हाना माहीत होतं. तेच ते करत होते. रोज सकाळी, स्वतःच्या हाताने, सुतारांना हात लावू न देता. मला बरं वाटलं, की चला, माझ्याशिवाय काहीतरी करताहेत. रबराला तेल चालतं का, हा विचार माझ्याही मनात आला नाही. शिकलेला माणूस ना मी!

तेलाचे आठ दिवस भरले तसा रहीमभाई टायर चढवायला आला. त्याने एक टायर उचलला आणि हातातून खाली टाकला. मग वाकून अंगठ्याने दाबून पाहिला. अंगठा निघाला, ठसा तसाच राहिला.

"डोमाजी, हे काय केलं हो?" तो म्हणाला. "रबर तेल खाऊन बसलं. हे टायर कळमेश्वरही दाखवणार नाहीत."

आठवा लागायला चार दिवस उरले होते.

मी खाली धावत गेलो आणि नको ते बोललो. सात आठवडे, सहा रविवार, माझं पडसं, मिश्राजींची कसम, सगळं बाहेर काढलं. "तुम्हाला सगळ्या जगाचं चाक कळतं, पण समोरच्याचं ऐकायचं कळत नाही," असंही म्हणालो. डोमाजी त्या टायरवरच्या अंगठ्याच्या ठशाकडे पाहत राहिले. माझ्यावर ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला ओसरीवर बोलावलं. एरवी त्या माझ्याशी पदराआडून चार शब्द बोलायच्या. त्या दिवशी सरळ बोलल्या.

"त्याईले बोलू नका मास्तर. तुमाले मालूम नाही. मागच्या साली गाव सोडलं, पाव कोस आले, आन् चाकाचा आवाज बदलला. त्याईनं आयकला. त्याईले नाही आयकू येईन तं कोणाले येईन? म्हणे, घरापावतो जाते. नाही गेलं." त्यांनी डोळे पुसले. "वरीस झालं, रातभर झोपत नाही. कोणाले सांगत नाही. मलेच एकडाव सांगतलं."

मी ओसरीवरून उठलो तेव्हा माझा राग गेला होता असं म्हणणार नाही. राग होताच. फक्त तो कुणावर काढावा हे कळेना.

दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्धी रजा काढून मी त्यांच्याबरोबर बर्डीवर गेलो. मिश्राजी आम्हाला पाहून आत निघाले होते. डोमाजी दारातच उभे राहिले. "जे हाये थे द्या," ते म्हणाले. टायर समोर आले. त्यांनी टकटक केलं नाही, वास घेतला नाही, कोणत्या ऋतूचे ते विचारलं नाही. मीच म्हणालो, "पाहा तरी एकदा." तर म्हणाले, "मले का समजते त्यातलं." सात आठवडे मी हेच वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला तरसलो होतो. ऐकलं आणि मुळीच आवडलं नाही.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला नको. सुभद्रेला माघाच्या अखेरीला मुलगी झाली. गोरी, धडधाकट, आजोबांसारखी ठेंगणी. डोमाजी त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले आणि मला पुष्कळ छळलं. पण ते मला आठवतात ते तिला आणायला गेलो त्या दुपारचे.

पहाटे निघालो होतो. कळमेश्वरापर्यंत सडक बरी होती आणि नवे टायर गुमान चालले. पुढचे दोन कोस मात्र काळ्या मातीची गाडीवाट. पावसाळ्यात चिखलात गाड्या रुतून चाकोऱ्या पडलेल्या, आणि थंडीने त्या वाळून दगडासारख्या झालेल्या. जाताना कसेबसे पोहोचलो. व्याह्यांकडे जेवणं झाली, सुभद्रेची ओटी भरली, तिला मागच्या बाजूला गाद्यागिरद्यांत बसवलं. तिच्या शेजारची जागा वडलांची. पण डोमाजी बसले नाहीत. त्यांनी व्याह्यांच्या गोठ्यातून एक फावडं आणलं आणि मोटारीच्या पुढे चालू लागले.

आम्हाला वाटलं, वेशीपर्यंत जातील. वेस गेली. ते पुढे चालतच होते. चाकोरी खोल दिसली की फावड्याने बाजूची माती ओढून भरायची, पायाने दाबायची, दगड उचलून शेतात फेकायचा, आणि हाताने रहीमभाईला खूण करायची, ये. मोटार दहा हात पुढे जायची आणि थांबायची. मग पुन्हा फावडं. साठीचा माणूस, डोक्यावर ऊन, धोतर मातीने काळं. मोटार अशी चालवल्याने तापली, तिच्यातून वाफ निघू लागली. रहीमभाई कपाळ बडवून घेत होता.

अर्ध्या कोसावर माझा संयम सुटला. मी खाली उतरून त्यांना गाठलं. "डोमाजी, अहो, या टायरपायी आम्हाला एवढं नाचवलंत ते काय तुम्हाला असं चालताना पाहायला? बसा गाडीत! अशाने दिवेलागणीलाही कळमेश्वर यायचं नाही."

"तुमी बसा मास्तर," ते म्हणाले. "मी हाये पुढं."

"तुमचा भरवसा कशावर आहे तरी? चाकांवर नाही, टायरवर नाही, रहीमभाईवर नाही..."

"माह्यावरच नाही," ते म्हणाले, आणि फावडं मातीत घातलं.

मागे मोटारीचं दार उघडल्याचा आवाज आला. सुभद्रा उतरत होती. मी धावलो, रहीमभाई धावला, तिने दोघांनाही हाताने थांबवलं. एक हात पोटाखाली धरून ती हळूहळू चालत वडलांपाशी आली आणि त्यांच्या हातातलं फावडं धरलं.

"बाबा, गाडीत बसा."

"तू काहून उतरली वं? जाय, बस. जाय."

"तुमी बसले नाही तं मी बी पायीच येते."

"पोरी, तुले मालूम नाही," डोमाजी म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "त्या दिवशी..."

"मालूम हाये मले," सुभद्रा म्हणाली. "आवाज बदलला होता. मीनं बी आयकला. मी का तुमची पोट्टी नोहो? चाकाचा आवाज मले समजत नाही का? पण मले आईजवळ लवकर जा वाटे. थांबलो असतो तं रात गावातच काढा लागली असती. म्हून मी बी बोलली नाही, बाबा. तुमी एकटेच नाही आयकलं."

डोमाजी फावड्याचा दांडा धरून तिच्याकडे पाहत उभे राहिले. वारा नव्हता. शेतात कुणी माणूस नव्हतं. त्यांनी पागोटं काढलं, त्याने तोंड पुसलं, पुन्हा पुसलं, आणि मग लहान मुलाला न्यावं तसं तिने त्यांना हाताला धरून मोटारीकडे नेलं. फावडं रहीमभाईने उचललं. मी पुढे त्याच्या शेजारी बसलो.

मोटार निघाली. पहिली चाकोरी आली आणि चांगला दणका बसला. मी वळून पाहिलं. डोमाजींनी दोन्ही डोळे घट्ट मिटले होते.

"काही नाही झालं, बाबा," सुभद्रा म्हणाली.

पुढच्या दणक्याला ती पुन्हा तेच म्हणाली. त्याच्या पुढच्यालाही. कळमेश्वरची सडक लागेपर्यंत दर दणक्याला ती म्हणत राहिली, "काही नाही झालं, बाबा," आणि मी परत मागे वळून पाहिलं नाही.